डाव्या हाताचा इळा

मुंजाजीमामा रस्त्यानं चालले की मान कायम खाली. नवख्या माणसाला वाटायचं, बिचारा कसल्या तरी काळजीत आहे. काळजी कसली अन् काय! त्यांची नजर धुळीत लोखंड शोधत असायची. नट, बोल्ट, बैलाच्या पायाची झिजलेली नाल, ट्रॉलीची गळून पडलेली पिन, काहीही दिसलं की मामा वाकणार, फुंकर मारणार आणि ते बंडीच्या खिशात टाकणार. त्या ओझ्यानं बंडी एका अंगाला ओढलेली असायची. गावात बारसं असो की मयत, मामा तसेच एका बाजूला कलंडून उभे. मी एकदा म्हटलं, "मामा, निदान देवळात तरी हे भंगार घेऊन जाऊ नका." तर म्हणाले, "सूनबाई, देवाला काय लोखंडाचं वावडं हाय व्हय? त्याच्या दाराची कडीबी लोखंडाचीच हाय की."

मी या गावची सून. राणीसावरगावहून गंगाखेडला जाणारी एस.टी. फाट्यावर थांबते, तिथून आत आमचं गाव. माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून मामांचं अंगण. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते आणि सासूला आत्या. मग सासऱ्याच्या वयाचा अख्खा गावच तिचा मामा होतो. माझे खरे सासरे माझ्याशी जन्मात कधी धड बोलले नाहीत, त्यामुळं माझ्या लेखी मामा म्हणजे मुंजाजीमामाच. मी तशी फटकळ बाई आहे. गिरणी चालवायची म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, आणि ते ओरडणं मग घरीदारी अंगात मुरतं. माझं ओरडणं हसून ऐकून घेणारा गावात एकच माणूस होता.

लोखंड गोळा करायचा एवढा नाद, पण मामांच्या हाताला कसब म्हणाल तर काडीचं नव्हतं. खाट विणायला घेतली तर झोपणाऱ्याचं बूड जमिनीला टेकायचं. नळाची तोटी बदलली तर सगळी गल्ली ओली. आणि काहीही बिघडलं की मामा हात झटकून, अगदी समाधानानं म्हणायचे, "चला, येक कळालं!" काय कळालं ते कधी सांगत नसत. माझ्या दळणाच्या काट्यावर एकदा त्यांनी तेल घातलं. काटा तिथंच अडकून बसला आणि दिवसभर जो येईल त्याचं दळण सारख्याच वजनाचं भरलं. मी संध्याकाळपर्यंत बोंबलत होते. मामा दारात उभे राहून म्हणाले, "येक कळालं, सूनबाई. तेल सगळ्याला चालत न्हाई."

गयाआत्या त्यांच्या बायको. आत्या डावऱ्या, म्हणजे डावखुऱ्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूनं डाव्या हातावर उलथनं मारून मारून त्यांना उजव्या हातानं भाकरी थापायला शिकवलं. वाढायचं उजव्या हातानं, कुंकू लावायचं उजव्या हातानं, पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यायचा तोही उजव्याच हातानं. आत्या सगळं शिकल्या. पण शेतात गेल्या की त्यांचा डावा हात मोकळा सुटायचा. "रानात कोन बगतंय डावं आन उजवं? पीक कापलं म्हंजे झालं," असं म्हणायच्या आणि कापायलाही अशा बसायच्या की बाकीच्या बायका मागं राहायच्या. घरात खाली मान घालून वावरणारी ही बाई शेतात मोठमोठ्यानं हसायची, हे मी स्वतः पाहिलंय.

आता इळा, म्हणजे विळा, डावा-उजवा असतो हे मला लग्न होईतो माहीत नव्हतं. बाजारातल्या इळ्याचे दाते एकाच अंगाला उतरते पाडलेले असतात आणि मुठीजवळची मान उजव्या हाताला सोयीची पडेल अशी वळवलेली असते. तोच इळा डाव्या हातात धरला की दाते पिकाच्या ताटावरून घसरतात आणि बोटं ढेकळांना घासतात. आत्यांचा इळा घिसाडी, म्हणजे गावोगाव फिरणारे लोहार, करून द्यायचे. उन्हाळ्यात त्यांची बिऱ्हाडं फाट्यावर लिंबाखाली उतरायची. त्यातली एक म्हातारी आत्यांचा पंजा आपल्या हातात घेऊन नीट बघायची आणि त्यांच्यापुरता वेगळा इळा घडवायची. पुढं ती बिऱ्हाडं यायची बंद झाली. कुणी म्हणे, त्यांची पोरं शहरात वेल्डिंगच्या दुकानांत लागली. आत्यांनी शेवटचा इळा पातं दोरीएवढं बारीक होईपर्यंत वापरला आणि एक दिवस तो मोडला.

त्याच वर्षी पाडव्याच्या तोंडावर आत्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. आधी गंगाखेड, मग परभणी, असं करत मामांनी त्यांना जगवून घरी आणलं. पाय ओढत का होईना, चालायला लागल्या. उजव्या हातात जेमतेम पेला धरता यायचा. डॉक्टर म्हणाले होते, "डावा हात चांगला आहे हे नशीब समजा. त्याला काम द्या. बसून राहिल्या तर बसूनच राहतील."

आणि आत्या बसूनच राहिल्या. आम्ही सगळे म्हणायचो, आत्या, तुम्ही तर मुळातच डावऱ्या, तुमचं काय अडलंय? पण इतकी वर्षं मार खाऊन शिकलेली घरातली कामं त्यांना डाव्या हातानं करवेनात. डाव्या हातानं ताट वाढायचं म्हटलं की त्या हात मागंच घ्यायच्या. ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसायच्या, कुणी बोललं तर हूं म्हणायच्या. मामा भाकरी करायचे. त्या भाकरीबद्दल मी काही बोलत नाही, मेलेल्या माणसाची निंदा करू नये. मामा म्हणायचे, "चल रानात, बांधावर बसून गवत तरी काप. जरा बरं वाटंल." यावर आत्या एकदा भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "कशानं कापू? इळा हाय का माजा?"

मामांना ते वाक्य लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते गंगाखेडला गेले. सगळा बाजार पालथा घातला. शेवटी एका वर्कशॉपवाल्यानं त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि तो हसत सुटला. म्हणाला, मामा, डावऱ्या लोकांसाठी आता वेगळं दुकानच काढतो. मामा परत आले ते थेट माझ्या गिरणीत. चेहरा लालबुंद झालेला. त्यांना रागावलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"त्यो हसला, सूनबाई. माज्यावर हसला आसता तर सोडून दिलं आसतं. तिच्या हातावर हसला."

"जाऊ द्या हो मामा. आपण दुसरीकडं बघू."

"कुटंच बगायचं न्हाई आता. मीच करतो."

मी पट्टा काढून गिरणी बंद केली. म्हटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नसेल. "काय करता?"

"इळा करतो. त्याला भट्टी लागती. आदी भट्टी करतो."

"मामा, तुमच्या हातानं साधी तोटी बसत नाही!"

"आगं, तोटीचं कुनाला पडलंय हितं?" मामा माझ्यावरच खेकसले आणि निघून गेले.

दवाखान्यानं घर धुऊन नेलेलं, त्यामुळं विकत काही आणायचं नाही हे आधीच ठरलं. फाट्यावरच्या गॅरेजातून मामांनी ट्रॅक्टरचा जुना ब्रेक ड्रम उचलून आणला. त्याच्या बुडाला बोअरचा जुना लोखंडी पाईप बसवला. गोड्या तेलाच्या डब्यात पत्र्याची पाती बसवून वाऱ्यासाठी पंखा केला. पंखा फिरवायला त्यांची स्वतःचीच सायकल अंगणात उलटी गाडली, मागच्या चाकाचं टायर काढलं आणि त्यावरून माझ्या गिरणीचा जुना पट्टा कापून, पंख्याच्या दांड्यापर्यंत नेला. हातानं पायडल फिरवलं की चाक फिरणार, चाकानं पंखा फिरणार आणि पाईपातून वारा भट्टीत जाणार. एका बंद पडलेल्या रसवंतीच्या चरकाचा जाड दांडा बाभळीच्या ओंडक्यात उभा ठोकला, ती झाली ऐरण. बघायला गाव लोटलं. जो तो आपली अक्कल पाजळून गेला, आणि मामा प्रत्येकाला "बराबर हाय, बराबर हाय" म्हणत राहिले.

पहिल्या दिवशी मामांनी ड्रममध्ये थोडे निखारे टाकले आणि जोरात पायडल मारलं. वारा निखाऱ्याकडं जायच्या ऐवजी पंख्यानं भट्टीतली सगळी राख पाईपातून ओढून घेतली आणि डब्याच्या कडेच्या भोकातून मामांच्या तोंडावर फेकली. पाईप कडेच्या भोकाला जोडायचा, तो त्यांनी मधल्या भोकाला जोडला होता. मामा नखशिखांत पांढरे. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "तोंड धुवा आदी. भूत दिसायलाव."

आत्या! कुणी काही विचारलेलं नसताना, आपण होऊन बोललेल्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं. राखेतून नुसते डोळे दिसत होते, पण ते कसे चमकले ते मला अजून आठवतं. "येक कळालं," मामा हळूच म्हणाले.

ड्रमला आतून मातीचा लेप द्यावा लागतो, नाहीतर उष्णता लोखंडच खाऊन टाकते. लेप द्यायला मामांनी माती कुठली घ्यावी? तर आपल्या शेतातली काळी. त्या मातीवर त्यांचा फार जीव. "हिच्यावानी माती आख्ख्या जिल्ह्यात न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लेप वैशाखाच्या उन्हात वाळला आणि शेताला पडतात तशाच बोटभर भेगा पडल्या. मामांनी भेगांत आणखी काळी माती भरली. त्याच दिवशी मी गिरणीच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या. मामांनी भट्टी पेटवली. थोडा वेळ बरं चाललं, आणि मग जी काही फटाफट सुरू झाली! तापलेली ढेकळं निखाऱ्यांसकट उडायला लागली. माझ्या पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळी नक्षी. मी गच्चीवरून जे तोंड सोडलं ते फाट्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

माझं संपल्यावर आत्या बोलल्या. "काळी पिकाला आसती. चुलीला आन भितीला गावातली पांडरी लागती. इतक्या वरसात माजी चूल नीट बगितलीबी न्हाई का तुमी?"

आत्या काठी घेऊन उठल्या. जुन्या पडक्या घरांच्या ढिगाऱ्यावर जाऊन त्यांनी पांढऱ्या मातीची जागा मामांना काठीनं दाखवली. घरी आल्यावर मातीत भुसा आणि राख कालवली आणि भट्टीजवळ बसून लिंपायला घेतली. चूल त्या उजव्या हातानं लिंपायच्या. भट्टी कुठं लिंपायची असते हे त्यांच्या सासूनं कधी सांगितलेलं नव्हतं, म्हणून असेल कदाचित, पण तो डावा हात न अडखळता फिरत होता. मी कुरडया विसरून बघत राहिले. लेप झाला, हात धुतले आणि त्या पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या, पुन्हा भिंतीकडं तोंड करून. मामांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "होईल हो मामा." ते म्हणाले, "ती उटती तवर मी मरायचा न्हाई." मला तसलं बोलणं आवडत नाही. मी त्यांना झापलं.

या लेपाला केसाएवढीही भेग पडली नाही. बाभळीचा कोळसा मामांनी घरीच पाडला. आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. तिकडून परतलेल्या एका घरानं मामांना मोडका कोयता दिला. कोयत्याचं लोखंड कसदार असतं. तो तापवायचा, कापायचा, ठोकून वाकवायचा, थंड करून दाते पाडायचे, मग पुन्हा तापवून पाणी द्यायचं, म्हणजे पाण्यात बुडवून कडक करायचं. सांगायला सोपं. तापवताना मामांनी घाई केली, तर लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या आणि टोक गळून भट्टीत पडलं. पुढचा तुकडा पाण्यात बुडवताच कडकन मोडला. मामा मोडके कोयते मागत दारोदार फिरायला लागले. दर खेपेला "येक कळालं." मी म्हटलं, "मामा, अशानं तुम्हाला सगळंच कळेल आणि इळा मात्र राहील."

पायडल फिरवायला सुरुवातीला मीच बसायचे, दळणाची गर्दी नसली की. एक दिवस गिरणीत बायका खोळंबल्या म्हणून मी मध्येच उठले. मामा हातात तापलेलं लोखंड घेऊन "सूनबाई, आगं इस्तू इझायलाय!" म्हणून ओरडायला लागले. मी दळण टाकून धावत आले तर उलट्या सायकलीपाशी आत्या बसलेल्या. डावा हात पायडलवर. "मी रिकामीच हाय," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून ती जागा त्यांची झाली. मामा ऐरणीशी आणि आत्या त्यांच्या समोर, चाकाशी. संध्याकाळी आत्या हात धुऊन ओट्यावर जायच्या, पण आता तोंड अंगणाकडं असायचं.

श्रावणात इळा झाला. बाभळीची मूठ, दाते एकसारखे, मान डौलदार. मामांच्या हातून असली देखणी वस्तू घडली यावर माझाच विश्वास बसेना. मामांनी अंघोळ केली, धुतलेला रुमाल बांधला आणि दोन्ही हातांत धरून इळा आत्यांपुढं केला. मी गिरणी बंद करून आले होते. आत्यांनी इळा डाव्या हातात घेतला. फिरवून पाहिला. मग उजव्या हातात घेतला, त्यात धड धरवत नव्हता तरी. पुन्हा डाव्या हातात घेतला.

"आवो, ह्यो उजवा हाय."

मामा बघतच राहिले. "आसं कसं व्हईल? रोज तुज्या हाताकडं बगूनच तर केलाय!"

कसं झालं ते माझ्या लक्षात आलं. रोज आत्या समोर बसायच्या. मामा त्यांच्या हाताकडं बघायचे, आणि तो डावा हात मामांना आपल्या उजव्या अंगाला दिसायचा. त्यांनी जसा दिसला तसा, त्या बाजूचा इळा घडवला. इतके महिने, इतके कोयते, इतका जीव ओतून बाजारात ढिगानं मिळतो तसला उजवा इळा!

आत्यांनी पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, झालं, आता ही बाई पुन्हा भिंतीकडं वळणार. पण त्यांचे खांदे हलत होते आणि मग पदर सुटला. आत्या हसत होत्या. शेतात हसायच्या तसं, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामा मात्र ऐरणीच्या ओंडक्यावर बसले आणि डोक्याचा रुमाल काढून त्यात तोंड लपवलं. या खेपेला त्यांना "येक कळालं" म्हणता आलं नाही.

"कामून रडायलाव?" आत्या पाय ओढत त्यांच्याजवळ गेल्या. "उजवा तर उजवा. ह्यो तुमाला ठिवा. माजा दुसरा करा. आन आता समोर नगा बसवू मला. मी तुमच्या बाजूला बसते."

दुसऱ्या दिवसापासून पायडलवर मी आणि मामांच्या बाजूला आत्या. प्रत्येक ठोक्याला मामा थांबायचे आणि आत्या मोकळ्या हवेत डावा हात फिरवून दाखवायच्या, असा, हितून असा. मामा स्वतःचा डावा हात तसाच फिरवून बघायचे आणि मग हातोडा उचलायचे. गल्लीतल्या पोरीबाळी त्यांच्या नकला करायच्या. मला हसू यायचं आणि मध्येच पायडल फिरवायचं राहून जायचं. एवढं लक्ष देऊन आपल्याकडं कुणी बघितलंय का, असं मनात यायचं. दुसरा इळा डावाच निघाला. आत्यांनी तो घेऊन बांधावरचं गवत कापलं आणि भारा माझ्या दारात आणून टाकला. माझ्याकडं जनावर एक नाही. पण तो भारा मी वाळेपर्यंत तसाच ठेवला.

दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन काढायला आलं. मी त्यांची भाकरी घेऊन शेतात गेले. दोघं शेजारी शेजारी बसून, सरकत सरकत कापत होते. मामांचा उजवा हात, आत्यांचा डावा. मामा कापलेलं आपल्या डाव्या अंगाला टाकायचे, आत्या उजव्या अंगाला, आणि दोघांच्या मधोमध एकच ढीग पडत चाललेला. इतर जोड्यांचे दोन ढीग पडतात, यांचा एक. आत्यांची उजवी मूठ सैल होती, ताटं नीट आवळली जात नव्हती, त्यामुळं त्या मागं राहत होत्या. मग मामांना सारखी तंबाखू मळायची हुक्की यायची. मामा तंबाखू खात नव्हते. मी त्यांच्याकडं रोखून पाहिलं तर मला डोळ्यांनीच म्हणाले, गप.

ही बातमी पसरली आणि मग एक गंमत झाली. आमच्या गावात डावऱ्या बायका किती आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. एकेक जण संध्याकाळी गुपचूप मामांच्या अंगणात यायला लागली. कुणाला इळा हवा, कुणाला खुरपं. मामा प्रत्येकीला म्हणायचे, "ये, बाजूला बस, आन हात फिरवून दाखीव." एक जण चारठाण्याकडून, बहिणीकडं आलेली, ती म्हणाली, "मामा, मी डावरी हाय हे माज्या घरात सुदिक मालूम न्हाई." मामा म्हणाले, "मग आता मालूम व्हऊ दे की. हातच हाय त्यो, चोरीचा माल हाय व्हय?" ती बाई ओंजळीत तोंड झाकून हसली. आत्या पायडल फिरवत होत्या, त्याही हसल्या.

पुढच्या वर्षी पेरण्या झाल्या आणि मामा गेले. काही आजार नाही, काही नाही. सकाळी चहा घेतला, कोळशाचं पोतं ओढून भट्टीजवळ आणलं, आणि त्या पोत्याला टेकून बसले ते बसलेच. आत्यांनी हाक मारली, मग मला हाक मारली. मी आयुष्यात पुष्कळ ओरडले असेन, पण त्या सकाळी माझ्या तोंडातून आवाजच फुटला नाही.

आत्या रडल्या नाहीत. त्यांचा मुलगा बालाजी पुण्याला कंपनीत आहे. गुणी पोरगा. दिवसकार्य उरकून गेला आणि श्रावण-भादव्यात सारखा येत-जात राहिला. दर खेपेला म्हणायचा, आई, माझ्याकडं चल. आत्या पुन्हा ओट्यावर बसायला लागल्या होत्या, भिंतीकडं तोंड करून. मी भाकरी नेऊन द्यायचे, ती अर्धी तशीच परत यायची. मला ते बसणं ओळखीचं होतं. मामांनी एवढ्या खटपटीनं उठवलेलं माणूस माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा खाली बसत होतं, आणि मला ना भट्टी करता येत होती ना काही. शेवटी मीच बालाजीला फोन केला, ने बाबा तिला, इथं ती मरून जाईल.

बालाजी भाड्याची गाडी घेऊन आला. उभं सोयाबीन त्यानं गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, काढायला देऊन टाकलं. आत्यांची पिशवी भरली. मी निरोप द्यायला गेले, तर आत्या ओट्यावर नव्हत्या. घरातून बाहेर आल्या त्या इळा घेऊन. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"दाते गेलेत ह्याचे," आत्या म्हणाल्या. "बालाजी, भट्टी पेटीव."

"आई, गाडी दारात उभी आहे."

"उबी आसू दे. सोयाबीन वाळून चाललंय, शेंगा फुटायल्यात. उद्याच्याला कापायला बसायचं हाय."

"ते मी गुत्त्यानं दिलंय गं. आणि तू आता पुण्याला येतेयस. तिथं तुला काही करायला लागणार नाही."

"तेच तर!" आत्यांचा आवाज चढला. एवढ्या मोठ्यानं त्या त्यांच्या अंगणात कधी बोलल्या नव्हत्या. "तुज्या बापानं माजा हात मला परत दिलाय, पोरा. म्हातारपनी, तोंडाला राख फासून दिलाय. त्यो हात घिऊन मी तुज्या फ्लॅटात काय करू? मांडीवर ठिवून बसू?"

बालाजीनं माझ्याकडं पाहिलं. फोन मीच केला होता, त्यामुळं मी जरा चाचरले, पण जरासंच. "बघतोस काय?" मी म्हटलं. "आई काय म्हणतेय ते ऐकू येत नाही? बूट काढ!" आणि मी बाहेर जाऊन गाडीवाल्याला परत धाडलं.

मी आत आले तेव्हा भट्टी पेटली होती. बालाजी पायडल फिरवत होता. आत्यांनी इळा तापवून, राखेत घालून मऊ केला. निवल्यावर ऐरणीवर घेतला, लुळ्या उजव्या मुठीत छिन्नी कशीबशी उभी धरली आणि डाव्या हातानं हातोडा मारत एकेक दाता पाडत गेल्या. छिन्नी सारखी कलंडायची. आत्या ती पुन्हा उभी करायच्या. मग त्यांनी इळा परत निखाऱ्यावर ठेवला आणि लोखंडाच्या रंगाकडं बघत म्हणाल्या, "आता हळू फिरीव. तुजा बापबी आशीच घाई करायचा."

पातं लाल झालं. आत्यांनी ते उचलून पाण्यात बुडवलं. मोडलं नाही.

"आई, हे तुला शिकवलं कुणी?" बालाजीनं विचारलं.

"कोन शिकवनार? ते चुकायचे आन मी बगायची," आत्या म्हणाल्या, आणि मामा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना रडू फुटलं. एका हातात सांडशी होती आणि दुसरा डोळ्यांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्यांचे डोळे मी माझ्या पदरानं पुसले.